आजारपण आधी आवरले : दोन सोबती गेल्यानंतरचा पहिला वसंत

हिवाळ्याच्या दोन टोकांना आमच्या घरातली दोन जनावरे गेली. थंडीच्या सुरुवातीला बंड्या हा म्हातारा कुत्रा हृदयविकाराने गेला आणि थंडी सरता सरता मूत्रपिंडांच्या जुनाट विकाराने मनी ही मांजर गेली. मागे राहिली ती चिमी, या तिघांतली वयाने सर्वांत लहान मांजर. वसंत लागला की आम्ही दरवर्षी घर मोकळे करतो, म्हणजे जाड पडदे उतरवतो, खिडक्या सताड उघडतो, सामान सरकवून मागचा केर काढतो आणि कुंड्यांतली माती बदलतो. या वेळी मात्र हात घालावा त्या कोपऱ्यात त्या दोघांपैकी कोणाची तरी वस्तू होती आणि आवराआवर करणे म्हणजे त्यांना घराबाहेर काढणे, असे घरातल्या प्रत्येकाला वाटत होते. तरीही ते काम आम्ही पार पाडले. ते कोणत्या क्रमाने केले आणि त्यात काय काय पाहावे लागले, ते सविस्तर लिहीत आहे.

‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे, दुसरे आणा’ हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकले की त्याचा राग येणेही थांबले. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, अशा शोकाची मांडणी केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ मध्ये केली आणि पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. हे वाचल्याने दुःख कमी झाले नाही, पण आवराआवरीला लागणाऱ्या वेळाबद्दल कोणाला खुलासा द्यायचा नाही, एवढे आम्ही ठरवून टाकले.

प्रश्न होता तो सुरुवात कोठून करायची याचा. ‘ठेवायच्या’ आणि ‘द्यायच्या’ अशा दोन ढिगांत वस्तू वाटायला बसलो, तर सगळेच ‘ठेवायच्या’ ढिगात जाणार हे उघड होते. तेव्हा माझ्या सासूबाईंनी वेगळी वाटणी सुचवली. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, आधी आजारपण बाहेर काढ. त्यांच्या खेळण्या-बागडण्याच्या वस्तूंचं मग बघू.’’ खरोखरच, घरात त्या दोघांच्या जगण्याच्या वस्तूंपेक्षा आजारपणाच्या वस्तूच जास्त होत्या आणि डोळ्यांसमोर सतत त्याच येत होत्या. मनीला त्वचेखाली सलाइन द्यावे लागत असे, त्यासाठी खिडकीशेजारच्या भिंतीत ठोकलेला हुक तसाच होता. बंड्याला पायऱ्या चढवेनात म्हणून आणलेली उतरती फळी दारामागे उभी होती. शेवटच्या दिवसांत अंथरलेल्या, ओल शोषणाऱ्या चादरींची चळत पलंगाखाली होती. यांतल्या कशातही बंड्या किंवा मनी नव्हती, होता तो फक्त त्यांचा त्रास. त्यामुळे त्या काढताना हात अडखळले नाहीत.

औषधांचे काम मात्र केराची बादली समोर ओढून उरकण्यासारखे नसते. उरलेल्या गोळ्या आणि पातळ औषधे मोरीत किंवा संडासात ओतू नयेत, कारण सांडपाण्याच्या शुद्धीकरणात ती पूर्णपणे निघत नाहीत. उघड्या केरात टाकली तर दुसऱ्या एखाद्या प्राण्याच्या पोटात जाऊ शकतात. आम्ही उरलेल्या सगळ्या गोळ्या आमच्या पशुवैद्यांकडे परत दिल्या. सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवलेल्या होत्या, ती बरणीही त्यांच्याकडेच गेली. सलाइनची उघडलेली पिशवी टाकून दिली आणि न उघडलेल्या, मुदतीतल्या पिशव्या वेगळ्या ठेवल्या. मग हुक उपटून भोक लांबीने बुजवले आणि तेवढ्याच भिंतीवर रंगाचा हात दिला.

आजारपणातली एकच वस्तू ठेवली, ती म्हणजे नोंदवही. दर आठवड्याचे वजन, औषधांच्या वेळा, किती पाणी प्यायली, किती खाल्ले, हे सगळे तिच्यात तीन-चार जणांच्या अक्षरांत आहे. मुलाने मधूनच ‘आज स्वतःहून खिडकीत चढली’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. एका पानावर औषधाचा तपकिरी डाग पडला आहे आणि त्याच्या भोवतीने सासूबाईंनी नेटाने पुढची नोंद केली आहे. ही वही टाकायला कोणीच तयार नव्हते आणि ते योग्यच होते. जर्मनीत बॉन शहराजवळच्या ओबरकॅसल येथे १९१४ मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले, त्यात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासोबत एक कोवळ्या वयाचे कुत्रेही होते. त्याच्या दातांवरील खुणांवरून ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाने गंभीर आजारी पडले होते, आणि माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके दिवस तगलेच नसते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ज्याच्याकडून त्या काळात काहीही काम होणार नव्हते, अशा पिल्लाची कोणीतरी सेवा केली होती. वही ठेवण्याच्या बाजूने एवढा पुरावा मला पुरेसा वाटला.

त्यानंतर साफसफाई. कोच सरकवल्यावर भिंतीच्या कडेला बंड्याच्या पिवळट केसांचा एक लांबलचक पट्टा सापडला. दिवस मोठा होऊ लागला की उजेडाच्या फरकाने कुत्र्यामांजरांची हिवाळी लव गळू लागते, त्यामुळे दर वसंतात हे केस काढणे हे आमचे ठरलेले आणि कंटाळवाणे काम होते. या वेळी मी ते हातानेच गोळा केले. हे केस बाहेर ठेवावेत, म्हणजे पक्षी घरट्यात अस्तराला नेतील, अशी मुलाची फार इच्छा होती. परंतु बंड्याच्या मानेवर गोचीड-पिसवांसाठी नियमित थेंब टाकले जात आणि त्यांतली कीटकनाशके केसांवर टिकून राहून घरट्यातल्या पिल्लांना घातक ठरू शकतात. हे समजावून सांगितल्यावर त्याने चिमूटभर केस कागदाच्या पुडीत ठेवले आणि बाकीचे केरात गेले.

लादी पुसण्याच्या औषधाबाबतही थांबून विचार करावा लागला. वासाने घर स्वच्छ वाटावे म्हणून फिनेल वापरण्याची सवय पुष्कळ घरांत असते, पण त्यातले फिनॉलवर्गीय पदार्थ शरीराबाहेर टाकण्याची जी यकृताची यंत्रणा इतर प्राण्यांत असते, ती मांजरात फार दुबळी असते. लादीवरचे फिनेल पंजांना लागते आणि पंजे चाटताना पोटात जाते. आम्ही साधा साबण आणि गरम पाणी यांवरच भागवले. दोघांचेही आजार संसर्गजन्य नव्हते, म्हणून अंथरुणे धुणे पुरेसे झाले. कुत्र्यांच्या पार्व्हो किंवा मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या संसर्गजन्य रोगाने प्राणी गेला असेल, तर ते विषाणू घरात अनेक महिने टिकतात, साध्या धुण्याने मरत नाहीत, आणि अशा घरातली अंथरुणे दुसऱ्या प्राण्यांना मुळीच देऊ नयेत.

मनीचे एक अंथरूण मात्र मुद्दाम धुतले नाही, ते चिमीसाठी. मनी गेल्यावर चिमी खोल्याखोल्यांतून ओरडत फिरत असे आणि तिचे खाणेही कमी झाले होते. मांजराने एक-दोन दिवस अन्न सोडले तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते, त्यामुळे ‘ती उदास आहे, खाईल हळूहळू’ असे म्हणून वाट पाहण्याची सोय नसते. डॉक्टरांना दाखवले, खाण्याच्या वेळा पूर्वीच्याच ठेवल्या आणि ओळखीचा वास असलेले ते अंथरूण तिच्या जागेवर राहू दिले. खिडक्या उघडण्याआधी जाळ्यांच्या कडा तपासल्या, कारण हवा बदलली की मांजरे खिडकीच्या चौकटीत जाऊन बसतात आणि उंचावरून पडण्याचे प्रसंग याच दिवसांत वाढतात.

मग सगळ्यांना हवे असलेले काम आले, म्हणजे त्या दोघांच्या नावाने काहीतरी लावण्याचे. मनीला अखेरीस इंजेक्शन देऊन निरोप द्यावा लागला होता. त्यासाठी बहुधा पेन्टोबार्बिटल हे द्रव्य वापरतात आणि ते मृतदेहात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे देह उथळ पुरल्यास तो उकरून खाणारा प्राणीही दगावू शकतो. म्हणून आम्ही दोघांचेही दहन केले होते आणि रक्षा दोन डब्यांत होती. ती झाडाच्या मुळाशी घातली की झाड जोमाने वाढते, अशी एक गोड समजूत आहे. प्रत्यक्षात या राखेत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असते, नत्र जवळजवळ नसते, ती तीव्र अल्कधर्मी असते आणि तिच्यातल्या क्षारांनी कोवळी मुळे करपतात. आम्ही थोडीशीच राख पुष्कळशा माती-कंपोस्टमध्ये कालवली, ते मिश्रण काही आठवडे मुरू दिले आणि रोपाच्या मुळाशी न घालता वाफ्याच्या कडेने पसरले. उरलेली रक्षा डब्यांतच आहे. ती सगळी कोठेतरी विसर्जित केलीच पाहिजे, असे आम्हांला वाटले नाही.

रोपे निवडताना मृतांपेक्षा जिवंत चिमीचा विचार आधी केला. स्मृतीसाठी लिली लावण्याची कल्पना अनेकांना सुचते, पण मांजर असलेल्या घरात तिला थारा देऊ नये. खऱ्या लिलीचे आणि डे-लिलीचे पान, फूल, अंगावर सांडलेले आणि चाटले गेलेले परागकण, एवढेच काय फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. मूत्रपिंडांच्या विकाराने गेलेल्या मांजरीच्या स्मरणार्थ तेच फूल लावायचे, हे मला तरी सहन झाले नसते. कण्हेर हृदयाला घातक, सायकस यकृताला घातक, ट्यूलिप आणि डॅफोडिलचे कंद विषारी. ही सगळी नावे यादीतून खोडली. शेवटी बंड्यासाठी गुलाब आणि मनीसाठी मोगरा ठरला, मध्ये झिनियाचे बी टाकले. हाडांचे खत आणि गोगलगायींसाठीच्या विषारी गोळ्या टाळल्या, कारण पहिल्याचा वास प्राण्यांना ओढून आणतो आणि दुसऱ्या जीवघेण्या असतात. चिमीसाठी कॅटनिपची एक वेगळी कुंडी केली. या वनस्पतीने सगळीच मांजरे वेडावत नाहीत, तो गुण आनुवंशिक असतो. मनी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे, चिमी मात्र कुंडीवर गाल घासून घासून निम्मी माती बाहेर काढते.

काही किरकोळ कामे राहिली होती, तीही याच दिवसांत उरकली. दवाखान्यातून लसीकरणाची आठवण करून देणारे निरोप येत होते, ते बंद करवले आणि कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपच्या नोंदीत दोघांचे निधन कळवले. हे वेळीच केले नाही तर नको त्या क्षणी फोन वाजतो. छायाचित्रे छापून घेताना शेवटच्या महिन्यांतली एकही घेतली नाही. त्याबाबत घरात थोडा वाद झाला, पण वही ठेवलेली आहे, तेवढे पुरे, यावर सगळे राजी झाले.

राहता राहिल्या त्या वेगळ्या काढून ठेवलेल्या वस्तू. मांजरींचा माजावर येण्याचा काळही दिवसाच्या लांबीवर ठरतो, त्यामुळे वसंत लागला की निवारा केंद्रांत आईविना सापडलेल्या पिल्लांची रीघ लागते. पहिल्या काही आठवड्यांत या पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. म्हणून बंड्याच्या सांध्यांसाठी आणलेली ऊब देणारी गादी, न वापरलेल्या सिरिंजा, ओल शोषणाऱ्या चादरी आणि सलाइनच्या पिशव्या आम्ही अशा एका केंद्रात नेल्या. तिथल्या डॉक्टरांनी मुदत तपासून सगळे ठेवून घेतले आणि पिल्लांना काही आठवडे घरी सांभाळाल का, असे विचारले. मुलाने माझ्याकडे पाहिले. बाटलीने दूध पाजायचे तर रात्रीही दोन-तीन तासांनी उठावे लागते आणि बाहेरून आलेल्या पिल्लांना चिमीपासून वेगळ्या खोलीत ठेवावे लागते, हे मला माहीत होते. चिमीचे वजन पूर्ववत झाले की कळवतो, असे आम्ही सांगून आलो. वजनकाटा देण्याच्या वस्तूंत होता, तो तेवढा परत घरी आणला आहे.