रॉड २० किलोचा, सिलिंडर ३० किलोचा

माझी कंबर जिममध्ये दुखावली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी सकाळी भिजलेल्या चादरींची बादली उचलून बाथरूमच्या दारात वळले आणि डाव्या बाजूला अशी सणक भरली की तिथेच उंबऱ्यावर बसले. तोवर दीड वर्ष जिम चालू होती, ७० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे वाकून जमिनीवरून रॉड उचलणं, होत होती. पण घरी, शेजारी, ऑफिसात सगळ्यांचा निकाल एकच: "आणखी उचल वजनं!" बादलीला कुणी बोल लावला नाही.

एमआरआय निघाला. एल-फाइव्ह एस-वनची डिस्क, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधली गादी, डावीकडे सरकून नसेवर दाब. पोटरीपासून पायाच्या करंगळीपर्यंत मुंग्या, आणि डाव्या चवड्यावर उभं राहायला गेलं की टाच धपकन खाली. डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभं राहिलेलं परवडायचं. बसलं की पाय पेटायचा. सीट रिकामी झाली तरी मी बसत नाही म्हटल्यावर डब्यातल्या बायका संशयाने बघायच्या.

मधले चार महिने गोळ्या, फिजिओ आणि चालणं यांत गेले. त्यात सांगण्यासारखं फार नाही. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय ओसरतं, माझंही ओसरलं. रिपोर्ट वाचून मी रडायला लागले तेव्हा फिजिओ मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मात्र लक्षात राहिली. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांची डिस्क फुगलेली दिसली होती. मी ४१ वर्षांची. म्हणजे डब्यातल्या त्या संशयी बायकांपैकी कितीजणी फुगलेली डिस्क घेऊन आरामात बसल्या होत्या कोण जाणे.

ऑक्टोबरात मॅडम म्हणाल्या, "आता हळूहळू रॉड धरायला हरकत नाही." मी त्याच संध्याकाळी बूट घालून जिमच्या काउंटरवर. आणि इथून ४१ दिवस वाया गेले.

काउंटरवरच्या मुलाने एक फॉर्म पुढे सरकवला. दुखापतीनंतर परत येणाऱ्यांसाठी. खाली चौकोन: डॉक्टरांची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. फिजिओचं पत्र चालेल का? "नाही मॅम, एमबीबीएस किंवा त्याच्या वरचे पाहिजेत. पॉलिसी आहे." माझी कंबर चार महिने जिने रोज हाताखालून घातली तिची सही चालणार नाही. जे मला एकूण वीस मिनिटं भेटले होते त्यांची चालणार.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. टोकन ३४, चालू नंबर ११. दोन तास त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, म्हणजे डिस्कवाल्यांना बसवायला नेमकी नको ती खुर्ची. आत गेल्यावर मी विचारलं, "जिमला जाऊ का?" त्यांनी मान वरसुद्धा न करता सांगितलं, "जिमचं नाव काढू नका. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पोहा." आणि कागदावर लिहिलं, जड काम टाळावे. तो कागद जिमने अर्थातच घेतला नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "ज्यांनी एमआरआय बघितला त्यांनीच द्यायला हवं, मी मध्ये कसा पडू?" पुन्हा हाडांचे डॉक्टर, पुन्हा टोकन, पुन्हा "पोहा". फी मात्र दोन्ही वेळा पूर्ण.

या सगळ्या काळात घरी काय चाललं होतं? भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो दारापासून ओट्याखाली मीच कडेवर तिरका करून गरगरवत नेत होते. दहा किलोची कणकेची पिशवी मीच चढवत होते. पलंगाच्या बॉक्समधल्या गाद्या मीच काढत होते. यातल्या कशालाही कुणी सही-शिक्का मागितला नाही. जिममधला रिकामा रॉड २० किलोचा, समोर आरसा, बाजूला ट्रेनर, खाली रबरी मॅट. त्याला मात्र सर्टिफिकेट! हे मी सासूबाईंना ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मग सिलिंडरही उचलू नकोस ना." उचलणार कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुटका झाली ती फिजिओ मॅडममुळेच. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न चुकीचा विचारताय. जिमला जाऊ का म्हटलं की कुठलाही डॉक्टर नाहीच म्हणणार. काय काय जमलं तर सही द्याल, ते विचारा." आणि त्यांनी एका पानाचं पत्र लिहून दिलं. पाय सरळ ठेवून ८० अंशांपर्यंत उचलला तरी कळ नाही. डाव्या एका पायाच्या चवड्यावर २२ वेळा उठता येतं, जूनमध्ये ४ वेळा येत होतं. १६ किलोचा केटलबेल, म्हणजे कडी असलेला वजनाचा गोळा, कमरेतून न वाकता, खुब्यातून वाकून, ८-८ चे तीन सेट. खाली काय करायचं आणि किती वजनापासून, तेही. तिसऱ्या खेपेला मी तोंड न उघडता ते पान पुढे ठेवलं. डॉक्टरांनी वाचलं, मला चवड्यावर उभं केलं, करंगळीला टाचणी लावून बघितली, आणि लिहिलं: देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वजनी व्यायामास हरकत नाही. सही, शिक्का, नंबर. चार मिनिटं लागली असतील.

जिममधल्या मुलाने तो कागद न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला. "ओके मॅम."

व्यायामाचं मग सुरळीतच झालं. रॉड जमिनीवरून नाही, रॅकवर गुडघ्याच्या जरा खाली ठेवून उचलायला लागले. पहिले दोन आठवडे प्लेट लावलीच नाही. नंतर दर आठवड्याला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. ट्रेनर म्हणायचा, "ताई, हे तर तुमच्यासाठी काहीच नाही." त्याचं ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कंबर काय म्हणते ते ऐका. कळ पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर गाडी रुळावर आहे. खाली पोटरीकडे उतरायला लागली तर वजन कमी. ४० किलोवर एकदा तशी उतरली, दहा दिवस मागे गेले, रडले नाही.

सकाळची सहाची बॅच मी सोडली, हे सांगायचं राहिलंच. रात्रभर झोपल्यावर डिस्क पाणी शोषून फुगलेली असते, उठल्या उठल्या वाकणं तिला मानवत नाही. आता ऑफिसहून येताना जाते. कमरेला बेल्ट लावत नाही.

आणि हे खरं म्हणजे सगळ्यात वर लिहायला हवं होतं: लघवी अडकली, दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर फिजिओ, टोकन, असले अनुभव काही वाचत बसू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

परवा ५५ किलो झाले. डाव्या चवड्यावर अजून २२च, उजव्यावर २५. सर्टिफिकेटपायी गेलेले ४१ दिवस मेंबरशिपमध्ये वाढवून द्या, असा अर्ज मी जिमला दिलाय. दर सोमवारी विचारते. "वर पाठवलंय मॅम," म्हणतो तो.