तुम्ही विचारलेत म्हणून: इलन पाइप्सवरची मोठी उडी

खालच्या स्वरावरून वरच्या सप्तकात जाताना स्वर किंचाळतो किंवा लागतच नाही, तेव्हा हाताचा जोर कमी पडतो का, असे नवे शिकणारे मला वारंवार विचारतात. जोर बहुधा जास्तच झालेला असतो. राहून जाते ती उडीपूर्वीची शांतता.

या आयरिश वाद्याला फुंकर लागत नाही. उजव्या कोपराखालच्या भात्याने डाव्या कोपराखालची पिशवी भरायची आणि ती दाबून चँटरमध्ये, म्हणजे सूर वाजवायच्या नळीत, हवा सोडायची. सनईवादक ओठांनी पातीला, म्हणजे थरथरून नाद काढणाऱ्या रीडला, आवरतो, ती सोय येथे नाही, कारण चँटरची दुहेरी पाती ओठांपर्यंत येतच नाही. आपल्या हाती उरतात हवेचा दाब, बोटे आणि मांडीवरच्या चामड्यावर टेकवून बंद करता येणारे चँटरचे खालचे तोंड. मधल्या ‘जी’ (G) या स्वरावरून वरच्या सप्तकातल्या ‘जी’वर जाताना बोटांची ठेवण तीच राहते. फक्त चँटर टेकलेला ठेवून सर्व छिद्रे क्षणभर झाकायची, नाद पूर्ण थांबू द्यायचा, त्याच निमिषात कोपर किंचित आवळायचे आणि मग हव्या त्या स्वराची बोटे उचलायची. थांबलेली पाती वाढत्या दाबाखाली पुन्हा सुरू होते, ती वरच्या सप्तकातच.

सर्वांत खालच्या ‘डी’ (D) या स्वरावरून घ्यायची उडी अवघड म्हणून ओळखली जाते, पण मला ती सोपी वाटते: छिद्रे आधीच झाकलेली असतात, मांडीवरून उचललेला चँटर परत टेकवला की नाद थांबतो. उतरताना मात्र दाब सोडायला आपण विसरतो.

मी स्वतः कित्येक महिने ड्रोन, म्हणजे एकच आधारस्वर अखंड धरणाऱ्या नळ्या, बंद ठेवून सराव केला आणि स्वर लागतो म्हणून खूश होतो. ड्रोन सुरू केल्यावर प्रत्येक उडीबरोबर तो अखंड आधारस्वरही हेलकावू लागला, तेव्हा माझे कोपर किती धसमुसळे आहे ते कळले. म्हणून एक तरी ड्रोन सुरू ठेवूनच सराव करावा.

ऐकायचे असेल तर पॅट्सी टूही (1865–1923) यांना ऐका. गॉलवेत जन्मून अमेरिकेत गेलेल्या या वादकाची शैली बंद बोटांची, म्हणजे दोन स्वरांमध्ये छिद्रे क्षणभर झाकून नाद तोडण्याची, होती. मेणाच्या सिलिंडरवरील त्यांच्या ध्वनिमुद्रणांत स्वरास्वरांमधली ती बारीक फट आजही ऐकू येते.