२९० वॉटच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड बसवताना

पुतणीला ब्लेंडर (थ्रीडी चित्रं आणि अॅनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर) शिकायचं होतं आणि घरात होता डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२०, मिनी टॉवर, चौथ्या पिढीचा आय५. एका ऑफिसने मोडीत काढलेला. रॅम १६ जीबी, एसएसडीही होती. कमी होती ती ग्राफिक्स कार्डाची.

इंदूरच्या दुकानांत कार्डाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "बजट कितना है?" जुन्या ब्रँडेड पीसीसाठी हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटचा. मी आधी झाकण काढून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं: २९० वॉट. मग वायरी पाहिल्या. मदरबोर्डला जाणारा प्लग नेहमीचा २४ पिनांचा नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनांचा. म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, आणून थेट जोडता येत नाही. शिवाय कार्डासाठीची ६ किंवा ८ पिनांची वायर त्यात नव्हतीच. मग कार्डाला वीज मिळणार ती फक्त स्लॉटमधून, आणि पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. कार्डांची अर्धी यादी इथेच गळाली.

आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये एका दुकानदाराने लगेच तोडगा काढला: "भिया, साटा से कन्व्हर्टर लगा लो, सब चलता है." चालतं, पण किती दिवस? साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या प्लगची १२ व्होल्टवर मर्यादा साधारण ५४ वॉटची, आणि ६ पिनांचं कार्ड ७५ मागू शकतं. प्लग वितळल्याचे फोटो कमी नाहीत. मी नको म्हटलं.

खरी गंमत नावांत आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीचं मूळ कार्ड १३० वॉटचं, त्याला वेगळी वायर लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं कार्ड ७० वॉटचं, आणि बहुतेक मॉडेलांना वायर लागतच नाही. दुकानदार दोघांनाही "तीस-पचास" म्हणतो. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचायचा आणि कार्डाच्या कडेला प्लगची जागा आहे का, ते डोळ्यांनी पाहायचं. हिशेब सोपा होता: प्रोसेसर ८४, कार्ड ७०, बाकी सगळ्याला ४०-५०. दोनशेच्या आसपास, २९० च्या बरंच खाली. जीटीएक्स १६५० हाही पर्याय होता, पण ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (अंतिम चित्र तयार करणारा, म्हणजे रेंडर करणारा भाग) आरटीएक्स कार्डाला ऑप्टिक्सचा (रेंडर वेगाने करणारं एनव्हिडियाचं तंत्र) फायदा मिळतो, म्हणून ३०५०.

लांबीही मोजली. डब्यात स्लॉटसमोर हार्डडिस्कचा पिंजरा येतो, तेव्हा एका पंख्याचं आखूड कार्डच घ्यायचं ठरलं. कार्ड दोन स्लॉटांची जागा खातं. शेजारचा स्लॉट रिकामा होता. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’समोर (बायोस म्हणजे पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) यूईएफआय, म्हणजे त्याची नवी पद्धत, दिसतंय याचीही खात्री केली आणि डेलच्या साइटवर सर्व्हिस टॅग (डब्यावरचा ओळख क्रमांक) टाकून बायोस अद्ययावत केलं. हे काम कार्ड बसवण्याच्या आधीच उरकलेलं बरं.

बसवणं पाच-दहा मिनिटांचं काम. ड्रायव्हर टाकून रेंडर लावलं आणि जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) पाहिलं, वीज ७० च्या पुढे जात नव्हती.

राहिला मॉनिटर. आमचा जुना, फक्त व्हीजीएचा, आणि कार्डाला एचडीएमआय नि डिस्प्लेपोर्ट. नुसती केबल चालत नाही, सिग्नल डिजिटलचा अॅनालॉग करणारा अॅडॉप्टर लागतो. तो मी आणलाही, पण पुतणी म्हणाली, "काका, या पडद्यावर रंग कसे कळणार?" तो खर्च मी तिच्या बाबांकडे ढकलला.