माऊस हलला की किरकिर

परवा दुपारी जेवणं उरकल्यावर लॅपटॉपवर भूप लावला. तानपुरा सुरू झाला, मी जरा आवाज वाढवायला माऊस सरकवला, तर स्पीकरमधून बारीक किरकिर. थांबवला, थांबली. सरकवला, पुन्हा आली. भूप राहिला बाजूला, अर्धा तास मी माऊसच वाजवत बसले.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तुझा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, लॅपटॉपच्या पोटात आहे, मदरबोर्डवर. तिथे एवढी गर्दी, त्याला शांतता कुठून मिळणार? त्याला बाहेर काढ." आणि रविवारी तोच एक काडेपेटीएवढी डबी घेऊन आला. एका बाजूने यूएसबी, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या पिना आमच्या जुन्या अँप्लिफायरला. माऊस गरागरा फिरवला. काही नाही.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात हा उपाय निघाला नव्हता. शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला की रेडिओवर सकाळच्या बातम्या खरखरायच्या. बाबा मला पिटाळत, "जा, काकूंना सांग, दोन मिनिटं चटणी थांबवा म्हणावं." काकू थांबायच्याही बिचाऱ्या. बातम्या संपल्या की घर्रर्र.

तर ही डबी करते काय, तर आकड्यांचा आवाज करते. सीडीमध्ये गाणं नसतंच म्हणे, सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, एका कानाचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्यातरी एकीवरचा. त्यांच्यावरून पुन्हा अखंड लाट काढायची. भाचा हे सांगत होता आणि मला आमच्या गाण्याच्या क्लासची वही दिसत होती.

लांबट, दुरेघी वही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, समेवर फुली. प्रवेशिकेच्या परीक्षेसाठी मी भूपाची बंदीश अशी पाठ केली होती की एक मात्रा इकडची तिकडे नाही. बाईंसमोर म्हणून दाखवली. बाई पेटीवर हात ठेवून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "वही छान म्हटलीस." मग स्वतः म्हटली. तेच स्वर, तीच वही. पण प वरून ग वर येताना त्या मधे कुठून कुठून जाऊन आल्या, ते वहीत कुठेच नव्हतं. मी प वर उभी होते, मग ग वर उभी होते.

म्हणजे डॅक मीही होतेच, फक्त मदरबोर्डवरचा.

गाणं कागदावर उतरवायच्या स्वरलिपीचा ध्यास घेतलेले गायक विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात आपल्या नाशकातच राहिले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर इथेच १९२१ साली जन्मले आणि १९५५ मध्ये, पुरत्या पस्तिशीतही न पोचता, गेले. नव्या डबीवर पहिली त्यांचीच जुनी तीन मिनिटांची तबकडी लावली. तबकडीची मूळ खरखर आता अगदी स्वच्छ ऐकू येते. भाच्याचा चेहरा पडला. मला मात्र आवडली. तिच्या आतून तो कोवळा, निर्मळ आवाज येतो तेव्हा कोणी पडदा बाजूला सारून खोलीत यावं तसं वाटतं.

काल माळ्यावरच्या ट्रंकेत ती वही सापडली. दुपारची वेळ, घरात कोणी नाही. डबी बंद केली, दार लोटून घेतलं आणि हळूच 'ग प ग' म्हणून पाहिलं.

माऊसला हातही लावला नव्हता, तरी किरकिर आली.