दाढीच्या आकाराचं पुरळ

प्रयोग साडेसातचा आणि मुख्य नट तापाने फणफणलाय हे दुपारी तीनला कळलं. बदली नटाचं पाठांतर पक्कं, पण वय पस्तिशीचं आणि भूमिका सत्तरीच्या आजोबांची. पाचला तो खुर्चीत बसला तेव्हा गाल गुळगुळीत होते. नुकतीच, घाईघाईत दाढी करून आला होता.

मी नाटकांची रंगभूषा करते. नवा चेहरा असला की कोपराच्या आतल्या बाजूला दाढी चिकटवायच्या डिंकाचा ठिपका लावायचा आणि कातडी बिघडते का हे बघायला 24 तास थांबायचं, हा माझा नियम. त्या दिवशी हातात जेमतेम अडीच तास होते. मी विचारलं, "मेकअपची कधी ॲलर्जी आलीय?"

"नाही ताई, कधीच नाही."

झालं, मी कामाला लागले.

जाळीवरची तयार दाढी मूळ नटाच्या जबड्याच्या मापाची होती. याचा जबडा अरुंद, त्यामुळे सुट्या केसांची दाढी चेहऱ्यावरच उभारावी लागली. क्रेपचे केस, म्हणजे खोट्या दाढीमिशांसाठीचे केस, वेणी घातलेले येतात. ते उलगडून, ओले करून, ताणून वाळवल्याशिवाय सरळ होत नाहीत. माझ्याकडे असे तयार केस नेहमी असतात, आणि नुसते पांढरे नाहीत. शुद्ध पांढरा केस थंड उजेडात निळसर दिसतो, म्हणून त्यात पिवळट आणि राखाडी मिसळते. हनुवटीखाली गडद, गालाकडे फिकट. स्पिरिट गम, म्हणजे दाढी चिकटवायचा तो डिंक, लावला की बोटाने थोपटत राहायचं. बोट उचलताना बारीक तार सुटायला लागली की केस ठेवायचे. सुरुवात हनुवटीच्या खालून, मग कौलांसारखा एकावर एक थर वर चढवत न्यायचा. गालावरची शेवटची ओळ इतकी विरळ हवी की खालची कातडी दिसली पाहिजे. तिथे हात जड पडला की दाढी चिकटवलेली वाटते. त्या दिवशी ती कड सुरेख उतरली होती, हे आजही म्हणेन.

प्रकाशयोजनेत दुसऱ्या अंकात निळा उजेड वाढवलाय, हे मला विंगेत उभी असताना समजलं. सुरकुत्यांना मी तांबूस तपकिरी वापरला होता, निळ्यात तो काळा पडतो. रंगभूषेला कोणी आधी सांगतच नाही. मध्यंतरात सुरकुत्या मऊ करायच्या म्हणून मी ब्रश घेऊन तयार होते.

तो आला आणि म्हणाला, "ताई, जळतंय."

स्पिरिट गममध्ये राळ स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. लावल्यावर मिनिटभर चुरचुरतं, स्पिरिट उडून गेलं की थांबतं. इथे दोन तास होत आले होते. डाव्या गालाची कड घामाने सुटली होती, खालची कातडी लालभडक. मी म्हटलं, काढू या. दिग्दर्शक दारातूनच म्हणाले, "एवढा अंक काढ रे." नटाच्या चेहऱ्याची किंमत दिग्दर्शकांना मध्यंतरात कधीच कळत नाही. पण नटही म्हणाला, "लावा ताई, करतो मी."

आणि मी ती कड चिकटवली. त्याच डिंकाने, त्याच लाल कातडीवर.

दुसऱ्या अंकात त्याने दोनदा दाढी खाजवली. प्रेक्षकांना ते आजोबांचंच वाटलं, हशा मिळाला. मी विंगेत रिमूव्हरची बाटली हातात धरून उभी होते. पडदा पडल्यावर थेंब थेंब सोडत, न ओढता, अर्ध्या तासात दाढी उतरवली.

दोन दिवसांनी त्याने फोटो पाठवला. कानापासून हनुवटीपर्यंत बारीक फोडांचं पुरळ, नेमकं माझ्या दाढीच्या आकाराचं. वरची विरळ कडसुद्धा उमटली होती. फोन केला तर म्हणाला, "जखमेवरच्या चिकटपट्टीनेही मला असंच होतं, पण तो काय मेकअप नव्हे."

कितीतरी चिकटपट्ट्यांच्या गोंदात हीच राळ असते. हे मला माहीत होतं, त्याला असण्याचं काही कारण नव्हतं. मी मेकअपबद्दल विचारलं, त्याने मेकअपबद्दल खरं सांगितलं. पेटीच्या खालच्या कप्प्यात पाण्यावरचा ॲक्रिलिक डिंक होता, राळ नसलेला. तो सुकायला वेळ लागतो म्हणून पाच वाजता माझा हात तिकडे गेला नाही.

पण पाचचं मी स्वतःला समजावू शकते. मध्यंतरातली ती कड मात्र डोक्यातून जात नाही.