मिस्त्री, डांबर आणि अकरा हजार डॉलर

मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर, बरोबर शेगडीच्या वर, चहा सांडल्यासारखा डाग उमटला. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला अशा डागाचा अर्थ सांगावा लागत नाही. फरक एवढाच की तिथे वरच्या काकूंशी भांडता येतं. इथे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये वरच्या मजल्यावरही आम्हीच.

घर 1974 चं, लाकडी सांगाड्याचं. वरच्या बाथरूमच्या लाद्यांखाली स्लॅब नाही, प्लायवूड आहे. शॉवरचा चौकोन सोडला तर जमिनीला ढाळ नाही आणि पाणी जायला जाळीही नाही, कारण ती जमीन कोरडीच राहणार असं इथे गृहीतच धरलेलं असतं. आई सहा महिने राहून गेली तेव्हा तिने बादली-तांब्या शॉवरच्या बाहेर मांडला होता, हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. (आता वाचेलच.)

व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर दहा मिनिटांत एका हँडीमॅनचा, म्हणजे किरकोळ दुरुस्त्या करणाऱ्याचा, नंबर आला. तो आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, साडेचार हजार, निम्मे आधी, रोख. दोन दिवसांत चकाचक. मला माणूस आवडला, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे मिस्त्रीला ॲडव्हान्स देतातच की. पण ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने त्याचा लायसन्स नंबर विचारायला लावला, आणि तो साहेबांकडे नव्हता.

कॅलिफोर्नियात हे प्रकरण गंभीर आहे. काम हजार डॉलरचं किंवा त्याहून मोठं असेल तर करणाऱ्याकडे राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाचं लायसन्स हवं. ही मर्यादा 2024 संपेपर्यंत पाचशेच होती. लाद्यांच्या कामाचा वर्ग वेगळा आहे, सी-54. बोर्डाच्या साइटवर नंबर टाकला की लायसन्स चालू आहे का, पंचवीस हजारांचा बाँड (हमीपत्र) आहे का, कामगारांचा विमा आहे का, सगळं दिसतं. विमा नसेल आणि माणूस आपल्या घरात पडला तर निस्तरायची वेळ आपल्यावर येऊ शकते. आणि ॲडव्हान्स? घरदुरुस्तीच्या करारात एक हजार डॉलर किंवा कराराच्या दहा टक्के, यातलं जे कमी असेल तेवढाच घेता येतो. निम्मे रोख मागणाऱ्याने तिथेच आपली ओळख करून दिली होती.

मग लायसन्सवाले दोघे बोलावले. एका मोठ्या कंपनीचा कोट घातलेला माणूस टॅबलेटवर थ्रीडी चित्रं दाखवून एकोणीस हजार सांगून गेला. दुसरे साठीचे गृहस्थ, मूळचे मेक्सिकोतल्या हालिस्कोचे, गुडघ्यांना पॅड बांधूनच आले. त्यांनी चित्रं वगैरे काही दाखवली नाहीत. थापीच्या लाकडी मुठीने भिंतीवरची एकेक लादी वाजवत गेले. टक, टक, टक, आणि मग एकदम भद. भद आवाज आला की पेन्सिलने फुली. वीस मिनिटांत शॉवरच्या खालच्या अर्ध्या भिंतीवर फुल्यांचा सडा पडला. मनातल्या मनात मी त्यांना तेव्हाच मिस्त्रीकाका करून टाकलं.

मी म्हटलं, फुल्यांच्या तेवढ्या बदलून द्या, ग्राउट (फटींमधला मसाला) नवीन भरा. काका हसले आणि एक सैल लादी उचकटून दाखवली. मागे साधा जिप्समचा बोर्ड, भिजून पोह्यांसारखा झालेला. जुन्या काळी लाद्या सर्रास असल्या बोर्डवर चिकटवून दिल्या जात. ग्राउट पाणी अडवत नाही, लादीही एकटी अडवत नाही. पाणी अडतं ते त्यांच्या मागच्या थराला, आणि आमच्याकडे तो थरच नव्हता. म्हणजे सगळं काढायचं. अकरा हजार आठशे. रुपयात गुणायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. तो मी जिना उतरेपर्यंत मोडला.

यातला सगळ्यात मजेचा दिवस डांबराचा. शॉवरच्या तळाला कॅलिफोर्नियात अजूनही ‘हॉट मॉप’ करतात. त्याची टोळीच वेगळी असते. ट्रकच्या मागे डांबराची किटली, खाली जाळ, आणि गल्लीभर रस्ता करताना येतो तो वास. मला एकदम मे महिन्यातली डोंबिवली आठवली. ढाळ दिलेल्या तळावर फेल्टचा, म्हणजे डांबरी कागदाचा, थर, त्यावर उकळतं डांबर, असे तीन थर. मग निचऱ्याच्या भोकाला बूच मारून तळ पाण्याने भरला आणि चोवीस तास तसाच ठेवला. परमिट काढलेलं असल्याने शहराचा इन्स्पेक्टर येऊन ते पाणी बघून गेला. आपल्याकडे गच्चीचा ब्रिकबॅट कोबा झाल्यावर पाणी तुंबवून ठेवतात, तेच हे. फक्त आपल्याकडे इन्स्पेक्टरचं काम खालच्या मजल्यावरचे काका करतात.

लाद्या लावताना मी थोडा वेळ दारात उभी राहिले. डोंबिवलीत बाबा खुर्ची टाकून मिस्त्रीसमोर बसायचे, सवय कशी जाणार? तिथे लादीच्या पाठीला सिमेंटचे पाच गोळे थापून ती ठोकून बसवलेली मी पाहिली आहे. काकांनी दाती पट्टीने भिंतीवर मसाला सरळ रेषांत ओढला, लादी दाबून किंचित पुढे-मागे सरकवली आणि लगेच पुन्हा उपटून पाठ माझ्यासमोर धरली. पूर्ण पाठ मसाल्याने माखलेली, कोपरेसुद्धा. ओल्या जागी किमान 95 टक्के पाठ चिकटलेली हवी, असा इथला मानक नियम. मग म्हणाले, “ओके, सेन्योरा?” मी मान डोलावली आणि चहा टाकायला गेले. पहिल्या दिवशी त्यांनी नको म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी आलं घातलेला अर्धा कप घेतला, तिसऱ्या दिवशी स्वतःचा मग घेऊन आले.

मध्येच एक धक्का बसला. डांबरवाल्यांकडून रजिस्टर पत्र आलं, मुख्य कॉन्ट्रॅक्टरने आमचे पैसे दिले नाहीत तर तुमच्या घरावर हक्क सांगू अशा अर्थाचं. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसाच हा प्रकार. आपण कॉन्ट्रॅक्टरचे पैसे चुकते केले असले तरी हा बोजा चढू शकतो! नवरा रात्रभर जागा. सकाळी काकांना पत्र दाखवलं तर ते म्हणाले, ही नोटीस सगळेच पाठवतात, घाबरू नका, मात्र शेवटचा चेक देताना डांबरवाल्यांची सही असलेला, हक्क सोडल्याचा कागद माझ्याकडून मागा. मागितला. तो आता पासपोर्टांच्या फायलीत आहे.

उरलेल्या नऊ लाद्या काकांनी फेकू दिल्या नाहीत. उद्या एखादी तडकली तर दुकानात तीच लादी मिळेल, पण त्याच भट्टीची, त्याच शेडची मिळेलच असं नाही. खोका गॅरेजमध्ये ठेवताना पहिल्यांदाच त्याच्या बाजूचा मजकूर वाचला. मेड इन इंडिया, मोरबी, गुजरात.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना आधी बाथरूम दाखवलं, मग खोका. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून खोका नीट वाचला.

“मोरबीच्याच ना? आपल्या मोरीत पण त्याच आहेत,” ते म्हणाले. “लावायचे किती घेतले?”

मी म्हटलं, नेट जातंय, आवाज तुटतोय.