डब्ल्यू १२४ प्रगती नोंद: वायरिंग झालं, पत्रा चालू

गाडी मर्सिडीज ई २२०, १९९५ ची. मॉडेल क्रमांक १२४.०२२, इंजिन एम १११. आधीच्या डब्ल्यू १२३ ची जागा १९८४ च्या अखेरीस घेणारी ही डब्ल्यू १२४ पिढी. १९९३ च्या फेसलिफ्टपासून (रूपातल्या किरकोळ बदलांपासून) ‘ई’ हे अक्षर आकड्याच्या मागून पुढे आलं. भारतात मर्सिडीजची जुळणी १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात सुरू झाली तीही याच मॉडेलने. म्हणजे देशी जुळणीच्या गाड्या शेवटच्या पर्वातल्या, आणि वायरिंगचा रोगही नेमका त्याच पर्वाचा.

त्या वर्षांत इंजिन हार्नेसला (इंजिनच्या तारांच्या जुडग्याला) जैवविघटनशील इन्सुलेशन वापरलं गेलं. हेतू चांगला, पण इंजिनच्या उष्णतेत ते वाळून पापडासारखं तुटतं. तांबं उघडं पडलं की शेजारच्या तारा टेकतात: आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली, मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), आणि नशीब खोटं असेल तर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जळतो.

तपासणी गार इंजिनवर, बॅटरीची निगेटिव्ह काढून. इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या भागाच्या) प्लगमागचं रबर सरकवा, तार हलकेच वाकवा. भुगा पडला की निदान झालं. बाहेरचं आवरण धडधाकट दिसतं, त्यावर जाऊ नका. टेप गुंडाळून काही साधत नाही, आतल्या तारा उघड्याच राहतात. हार्नेस पूर्ण बदलायचा, आणि ‘नवा’ म्हणून जुना साठा गळ्यात पडू नये यासाठी लेबलवरची तारीख वाचायची. थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटरची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) केबलही त्याच जातीची. ती राहिली तर आयडलिंग नाचतच राहतं आणि बोल मात्र नव्या हार्नेसला लागतो.

पत्र्याकडे वळताना आधी दारांखालच्या प्लॅस्टिक पट्ट्या उतरवल्या. मर्सिडीजचे डिझायनर ब्रुनो साक्को यांच्यावरून शौकीन त्यांना ‘साक्को पॅनल’ म्हणतात. दिसायला झकास, पण मागे माती साचते, ओल धरते आणि जॅक पॉइंट (गाडी उचलताना जॅक टेकवायची जागा) आतून कुजतो. क्लिपा तुटतातच, नव्या आधीच आणून ठेवा. कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. नुसती पुट्टी भरली तर जॅक सरळ आत घुसेल.

वायपर अजून बाकी. फिरताना लांबी बदलणारा हा एकटा हात काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. अडखळत असेल तर मोटर बदलण्याआधी यंत्रणेतलं सुकलेलं ग्रीस बघा.

चाकांचे बोल्ट आधी हाताने, मग तिरप्या क्रमाने ११० न्यूटन-मीटर. हवेची इम्पॅक्ट गन नको.